देवळाली कॅम्प आणि रामशेज : नाशिकच्या तोफखान्याच्या वाटेवर

नाशिकला येणारा माणूस पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर करतो, हल्ली द्राक्षमळेही पाहतो. देवळाली कॅम्पकडे फार कोणी फिरकत नाही. सैन्याच्या तोफखान्याची प्रशिक्षण शाळा असलेला लष्करी भाग आहे, आत सोडत नाहीत, मग जाऊन करायचं काय, असा विचार असतो. आत सोडत नाहीत हे खरं. पण देवळालीचा इतिहास कुंपणाबाहेरूनही नीट दिसतो. कुठे उभं राहायचं आणि काय बघायचं एवढं ठाऊक हवं. आम्ही हिवाळ्यात गेलो. सोबत भाचा होता, त्याला सैन्यभरतीची ओढ आहे. आणि दाजी होते, तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. या लेखातलं तोफांविषयीचं बरंचसं त्यांचंच आहे.

जायचं कसं ते आधी. रेल्वेने आलात तर नाशिकरोडला उतरा. तिथून लॅम रोडने देवळाली कॅम्प सात-आठ किलोमीटर. रिक्षा आणि सिटी बस दोन्ही मिळतात. देवळालीचं स्वतःचं स्टेशन आहे, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. २०२० च्या ऑगस्टमध्ये देशातली पहिली किसान रेल याच स्टेशनातून दानापूरला निघाली होती. मुंबईहून गाडीने येत असाल तर शहरात शिरू नका. पाथर्डी फाट्यावरून वडनेर दुमालामार्गे थेट कॅम्पात येता येतं. हा भाग दारणाकाठचा, उसाचा आणि म्हणून बिबट्याचा. अंधार पडायच्या आत परत फिरा.

आता, लष्कराला हीच जागा का हवीशी वाटली? उत्तर रेल्वेत आहे. १८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग इगतपुरीपर्यंत चढला आणि मुंबई बंदर या पठाराला जोडलं गेलं. देवळाली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, हवा कोरडी, मुंबईपेक्षा किती तरी निरोगी. जहाजातून उतरलेल्या गोऱ्या पलटणींना देशभर पाठवण्याआधी इथे ठेवायचं आणि मुदत संपवून मायदेशी निघालेल्यांना जहाज मिळेपर्यंत इथेच थांबवायचं, अशी व्यवस्था १८६० च्या दशकात बसली. सैनिकवाहू जहाजं साधारण हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. मार्च उलटल्यावर ज्याची नोकरी संपे, त्याला पुढच्या हंगामापर्यंत वाट पाहावी लागे. हातात बंदूक नाही, अंगावर काम नाही, उन्हाळा आणि हिवताप मात्र आहे. शांतपणे वाट पाहणंही माणसाला किती झिजवतं, याचा विचार लॅम रोडवरून चालताना माझ्या मनातून जात नव्हता.

हा रस्ता शक्य असेल तर पायीच करा, सकाळी. दोन्ही बाजूंना जुनी झाडं, कौलारू बंगले, पारशी आणि गुजराती मंडळींनी बांधलेली आरोग्यधामं. हवापालटासाठी मुंबईकर इथे पिढ्यान्‌पिढ्या येत आले. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणीही इथे उभी राहिली आणि त्यातली अनेक कुटुंबं कायमची इथलीच झाली. बाजारात सकाळी दाल-पकवान खा. नाशिकची मिसळ कुठेही मिळेल, ती परत जाताना.

इथून भगूर अगदी जवळ आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांचा जन्म २८ मे १८८३ रोजी तिथल्या वाड्यात झाला. वाडा आता राज्य संरक्षित स्मारक आहे. ब्रिटिश छावणीच्या इतक्या जवळ ते वाढले हे नकाशात पाहून कळत नाही, चालत गेलं की कळतं.

खरा मुक्काम मात्र खंडोबाची टेकडी. छोटी चढण आहे, पायऱ्या आहेत, वयस्कर माणसंही चढतात. मणी-मल्लाचा वध केल्यावर खंडोबा इथे विसावला, अशी इथली श्रद्धा. चंपाषष्ठीला आणि रविवारी गर्दी असते, म्हणून मधल्या वारी जा. देवदर्शन झालं की माथ्यावरून चौफेर बघा : पश्चिमेकडे सह्याद्रीची रांग, खाली बराकी, आणि त्यापलीकडे उघडं, चढउतारांचं माळरान. त्या माळरानाच्या दिशेनेच आम्हाला पहिला आवाज आला. देवळालीकरांना आणि नाशिकरोडकरांना तो सवयीचा आहे, सरावाच्या दिवसांत घराच्या खिडक्या थरथरतात.

भाच्याने विचारलं, "पप्पा, तोफ तर टेकडीआड आहे. समोरचं दिसत नसताना मारतात कशी?"

दाजी खाली बसले आणि काडीने मातीत रेघा काढू लागले. "तोफेवरच्या जवानाला लक्ष्य दिसतच नाही. दिसायला नकोच, नाहीतर शत्रूलाही तोफ दिसेल. पुढे ओपी असतो, निरीक्षण करणारा अधिकारी. लक्ष्य त्याला दिसतं, पण त्याच्याकडे तोफ नसते. मध्ये कमांड पोस्ट. ओपी सांगतो, पोस्टवर हिशेब होतो, तोफेला दिशा आणि उंची दिली जाते. पहिला गोळा पडला की ओपी दुरुस्ती सांगतो : इतके मीटर डावीकडे, इतके पुढे. एक गोळा पलीकडे पडला, एक अलीकडे, की मधलं अंतर निम्मं करत आणायचं. लक्ष्य सापडलं की मग सगळ्या तोफा एकदम."

वारा, हवेचं तापमान, दारूगोळ्याची उष्णता, नळी किती झिजली आहे, हे सगळं त्या हिशेबात येतं. दहा किलोमीटरवरचा धुरळा आधी दिसतो. आवाज जवळपास अर्ध्या मिनिटाने येतो. हे समजल्यावर समोरचं माळरान वेगळंच दिसू लागलं. शिकणाऱ्याला गोळा कुठे पडला ते स्पष्ट दिसायला हवं. त्यासाठी मोकळी जमीन, अधूनमधून टेकड्या आणि वर्षातले बरेच महिने स्वच्छ हवा लागते. देवळालीत तिन्ही आहेत. वाट पाहायला लावणारी छावणी तोफखान्याच्या शाळेला इतकी जुळून का आली, ते टेकडीवर उभं राहिलं की आपोआप उलगडतं.

ती शाळा मूळची इथली नाही. तोफखान्याचं प्रशिक्षण विद्यालय ॲबटाबादजवळ काकूलला होतं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते देवळालीत आलं. त्यामुळे फाळणीत शाळा भारताच्या वाट्याला राहिली आणि पाकिस्तानला नौशेऱ्यात आपली वेगळी उभी करावी लागली. काकूलला आज पाकिस्तानची लष्करी प्रबोधिनी आहे. नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर आहे. तिथे जवान आणि आता अग्निवीर घडतात, तर देवळालीच्या शाळेत अधिकारी आणि अनुभवी जवान पुढचं शिकतात. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी हा फरक लक्षात ठेवावा. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं तर तेही याच गोतावळ्यातलं : १ नोव्हेंबर १९८६ रोजी भूदलाची स्वतःची हवाई शाखा (आर्मी एव्हिएशन कोअर) वेगळी झाली, त्याआधी आकाशातून गोळाफेकीची दुरुस्ती सांगणारे वैमानिक तोफखान्याचेच होते.

दाजी कारगिलच्या वेळी द्रासला होते. त्या युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागल्याचं सांगितलं जातं. बोफोर्सचा १५५ मिलिमीटरचा एक गोळा साधारण ४५ किलोचा, आणि तो उचलायचा विरळ हवेत. त्याबद्दल दाजी फारसे बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. द्रासच्या पॉइंट ५१४० या शिखराला २०२२ मध्ये 'गन हिल' नाव दिलं, एवढं मात्र त्यांनी अभिमानाने सांगितलं. बोफोर्सनंतर कितीतरी वर्षं नवी मोठी तोफ आली नव्हती. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी के-९ वज्र आणि एम-७७७ या तोफा सैन्यात दाखल झाल्या, तो समारंभ इथेच देवळालीत झाला. वज्र साखळीपट्ट्यांवर स्वतः धावते. एम-७७७ बोफोर्सच्या साधारण एक तृतीयांश वजनाची, हेलिकॉप्टरला टांगून डोंगरावर नेता येते.

तोफेचं नाव सगळ्यांना माहीत असतं, गोळा कुठे बनतो ते कोणी विचारत नाही. महाराष्ट्रापुरतं सांगायचं तर खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, नागपूरच्या अंबाझरीला गोळ्याचं पोलादी कवच बनतं आणि चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला त्यात स्फोटक भरलं जातं. देवळालीचा इतिहास सांगताना या कामगारांनाही त्यात धरलं पाहिजे असं मला ठामपणे वाटतं.

आणि सराव म्हणजे खेळ नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथे गोळीबाराच्या सरावात झालेल्या स्फोटात दोन तरुण अग्निवीर गेले. टेकडीवर सेल्फी काढताना एवढं भान असू द्या.

मैदानाच्या कडेच्या गावांनाही सरावाची किंमत मोजावी लागते. १९३८ च्या कायद्यानुसार सरावासाठी क्षेत्र आणि काळ अधिसूचित होतो, गावांना आगाऊ कळवलं जातं, त्या दिवसांत गुरं आणि माणसं बाहेर ठेवावी लागतात. सराव नसला तरी आत शिरू नका. लाल निशाण नाही म्हणजे रस्ता मोकळा, असं अजिबात नाही. न फुटलेला गोळा वर्षानुवर्षं मातीत राहतो आणि भंगार म्हणून उचलणाऱ्याचा जीव घेतो. धातूचा कुठलाही तुकडा दिसला तर हात लावू नका, खूण लक्षात ठेवा, आल्या पायवाटेनेच मागे फिरा आणि पोलिसांना कळवा. छावणीची फाटकं, पहारे, वाहनं यांचे फोटो काढू नका, ड्रोन तर घरीच ठेवा. ओळखपत्र जवळ असू द्या.

आर्टिलरी सेंटरमध्ये जुन्या तोफांचं संग्रहालय आहे. तिकीट काढून आत जाता येईल अशी ती जागा नव्हे. शाळेची सहल किंवा गट असेल तर लेखी पत्र देऊन आधी परवानगी मागा. तोफा जवळून पाहायचा सोपा मार्ग म्हणजे शहरात कधीमधी भरणारं लष्कराचं प्रदर्शन, त्याच्या बातम्या स्थानिक वर्तमानपत्रात येतात. २८ सप्टेंबर हा 'गनर्स डे', म्हणजे तोफखान्याचा दिवस; १८२७ मध्ये त्या दिवशी उभारलेली बॉम्बे माउंटन बॅटरी ही तोफखान्याची तुकडी आजही सेवेत आहे.

दुपार हातात असेल तर रामशेज किल्ल्यावर जाच. नाशिकपासून उत्तरेला चौदा-पंधरा किलोमीटर, पेठ रस्त्याने आशेवाडी गाव, तिथून तासाभरात माथा. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने या गडाला वेढा घातला. शहाबुद्दीन खानाने गडाच्या उंचीशी बरोबरी करायला लाकडी दमदमा, म्हणजे वरून मारा करायचा उंच बुरूज, उभारला. गडावर तोफा नव्हत्या. खाफीखान लिहितो की मराठ्यांनी लाकडाच्या तोफा केल्या, त्यांना कातडं चढवलं आणि एकेका तोफेने दहा तोफांचं काम केलं. हे शत्रूच्या बाजूच्या इतिहासकाराने लिहिलंय. वेढा वर्षानुवर्षं चालला. दाजींनी माथ्यावर उभं राहून पायथ्याचं अंतर नजरेने मोजलं आणि दमदमा कुठे असेल यावर बापलेकांचा वाद रंगला, तो आशेवाडीत उतरेपर्यंत.

गडावर पाण्याची टाकी आहेत, पण प्यायचं पाणी सोबतच न्या. पावसाळ्यात कातळ निसरडा असतो, बूट चांगले हवेत. सकाळी देवळाली, दुपारी तीनला आशेवाडी असं धरलं तर सूर्य मावळायच्या आत खाली येता येतं. बस मोजक्याच आहेत. परतीची वेळ गावात उतरतानाच विचारून ठेवा.