तिची काळजी नाही

ज्या घरात एक माणूस झोपेचं औषध घेऊन झोपला आणि उठलाच नाही, त्या घरात आता लोक पुस्तकं बदलायला येतात. हल गावची लायब्ररी. बॉस्टनच्या धक्क्यावरून बोट घेतली की खाडीच्या तोंडाशी हे गाव लागतं. जॉन बॉयल ओरायली नावाच्या आयरिश माणसाने उन्हाळ्यात राहायला म्हणून इथे घर बांधलं आणि १० ऑगस्ट १८९० ला इथेच गेला. वय ४६. पुढे १९१३ मध्ये गावाने घर लायब्ररीसाठी घेतलं. मी लहान मुलांच्या पुस्तकांपाशी उगाच रेंगाळले. काउंटरवरच्या बाईंनी काही हवंय का विचारलं. नको म्हटलं. काय सांगणार, तो त्या रात्री कुठल्या खोलीत बसला होता ते दाखवा?

नवरा कॉन्फरन्सला गेलाय म्हणून जाता तरी आलं. तो असता तर म्हणाला असता, रविवारी बघायला दुसरं काही नाही का.

खरं कारण ओरायली नाहीच. खरं कारण आईचं वाक्य. बोलून झालं, पण तिच्याकडून फोन बंद झाला नाही, तसाच दिवाणावर पडला असणार. मी ठेवणार तेवढ्यात शेजारच्या काकूंचा आवाज आला, "अमेरिकेचा का?" आणि आई म्हणाली, "हो, धाकटीचा. तिचं छान चाललंय. तिची काळजी नाही." मग कपबश्यांचा आवाज, मग मालिकेचं शीर्षकगीत. ते मी पूर्ण ऐकलं. का ऐकलं कोण जाणे.

यात लागण्यासारखं काय आहे? कौतुकच आहे. सांगलीच्या त्या घरात काळजी करायला किती गोष्टी आहेत ते मला माहीत नाही का? दादाच्या गोळ्या बदलल्यात, वहिनी एकटी किती बघणार, आईचे गुडघे. त्या यादीत मी नाही हे बरंच आहे की. पण भांडी घासताना, गाडी चालवताना, मीटिंगमध्ये मान डोलावताना तेच वाक्य परत येतं. काळजी नाही. म्हणजे काय, माझ्या नावापुढे बरोबरची खूण करून ठेवली आणि पान उलटलं?

ओरायलीशी ओळख रस्त्यातली. बॉस्टनच्या फेनवे भागात बॉयल्स्टन स्ट्रीटच्या कडेला त्याचं स्मारक आहे, १८९६ चं. शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच, ज्याने पुढे वॉशिंग्टनचा तो खुर्चीतला लिंकन घडवला. पुढच्या बाजूला ओरायलीचा अर्धपुतळा, भरघोस मिश्या. मागच्या बाजूला आयर्लंड बाईच्या रूपात बसलेली, हातात अर्धवट गुंफलेलं पानांचं कडं. मी कितीदा तिथून गेले असेन, मला तो कुणी सेनापती वाटायचा. कवी आहे हे कळल्यावर थांबले. कैदी होता हे कळल्यावर घरी जाऊन वाचत बसले. झोप नसली की वाचन भरपूर होतं.

आयर्लंडातल्या बॉइन नदीकाठच्या डाउथचा, शाळामास्तराचा मुलगा. पोरवयात छापखान्यात उमेदवारी. मग ब्रिटिशांच्या घोडदळात भरती, आणि तिथे राहून फितुरी: आयरिश शिपायांना फेनियनांच्या, म्हणजे आयर्लंड स्वतंत्र करू पाहणाऱ्यांच्या, गुप्त संघटनेत ओढायचं काम. १८६६ मध्ये पकडला. फाशीची शिक्षा झाली, ती कमी होऊन वीस वर्षं सक्तमजुरी. इंग्लंडातले तुरुंग फिरवून त्याला हूगोमाँट जहाजावर घातलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाला कैदी नेणारं हे शेवटचं जहाज, २८० कैदी, त्यातले ६२ फेनियन. या लोकांनी त्या जहाजावर काय करावं? हस्तलिखित साप्ताहिक काढलं! 'वाइल्ड गूस', सात अंक. आपल्याकडे कुणी अंदमानच्या वाटेवर हस्तलिखित काढलं असतं तर आपण त्यावर किती संमेलनं भरवली असती.

तर असा हा हौशी, उत्साही, सगळ्यांना हवाहवासा माणूस. जानेवारी १८६८ मध्ये फ्रीमँटलला उतरला. तिथून बनबरीजवळ रस्ता बांधणाऱ्या टोळीत. तिथेही त्याचं चांगलंच चाललं होतं म्हणायचं: पहारेकऱ्याची मर्जी बसली, निरोप पोचवायचं हलकं काम मिळालं. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, नाताळ होऊन दोन दिवस झाले असताना, त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. पहारेकऱ्याच्या मुलीवर जीव जडला होता म्हणतात. दुसऱ्या एका कैद्याने वेळेवर पाहिलं म्हणून वाचला.

दोन महिन्यांच्या आत तो पळाला. मॅककेब नावाच्या पाद्रीबाबांनी योजना केली, किनाऱ्यावरच्या आयरिश लोकांनी लपवलं, खायला घातलं. ठरलेलं जहाज त्याची होडी न घेताच निघून गेलं. शेवटी न्यू बेडफर्डच्या गझेल या देवमासे मारणाऱ्या जहाजाने त्याला वर घेतलं. मग हिंदी महासागरात रॉड्रिग्ज बेटापाशी इंग्रज अधिकारी झडतीला आले. तेव्हा हॅथवे नावाच्या खलाशाने काय करावं? रात्री धार लावायचा दगड समुद्रात ढकलून दिला, मागोमाग ओरायलीची टोपी पाण्यावर. धपकन आवाज झाला, माणूस पडला म्हणून ओरडा झाला, शोधाशोध झाली, टोपी सापडली. सकाळी सगळं जहाज दुःखात. बिचाऱ्याने कंटाळून उडी घेतली! आणि ओरायली आत एका कपाटात दडलेला.

ही गोष्ट त्याच्यावर लिहिणारे सगळे अगदी रंगवून सांगतात. मीही नवऱ्याला जेवताना सांगितली आणि दोघं हसलो. बनबरीची गोष्ट मात्र मी सांगितली नाही. खोटी आत्महत्या जेवणाच्या टेबलावर चालते. खरी कुणाच्या तरी नोंदवहीत राहते.

मला तिथेच अडकायला होतं. अमेरिकेत उतरला तेव्हा त्याच्या अंगात ते सगळं असणारच ना? उतरला १८६९ च्या नोव्हेंबरात, फिलाडेल्फियाला. लगेच बॉस्टनला आला, 'पायलट' या आयरिश लोकांच्या पत्रात बातमीदार झाला, संपादक झाला, १८७६ मध्ये आर्चबिशपांच्या भागीदारीत मालक झाला. आधीच्या मालकाची पेढी बुडाली होती, त्यात गरीब आयरिश मंडळींच्या ठेवी होत्या. त्या ठेवी यांनी वर्षानुवर्षं फेडल्या, म्हणजे दुसऱ्याने केलेलं कर्ज. त्याच साली कटालपा जहाजाने ऑस्ट्रेलियातून सहा फेनियन कैदी सोडवून आणले, त्या मसलतीतही हा होता. कवितांची पुस्तकं निघाली, कैद्यांवरची 'मूनडाइन' कादंबरी निघाली. बॉक्सिंगवर पुस्तक लिहिलं. होडी घेऊन नद्या पालथ्या घातल्या. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी जाहीर सभांतून बोलला, अमेरिकन स्वातंत्र्याच्या झगड्यात सुरुवातीलाच मारल्या गेलेल्या क्रिस्पस अ‍ॅटक्सवर कविता लिहिली. १८८९ मध्ये प्लिमथला, इंग्लंडातून येऊन तिथे वसलेल्या यात्रेकरू पूर्वजांच्या स्मारकाचं उद्घाटन झालं, तर त्या कडक प्रोटेस्टंट मंडळींनी कविता कुणाला सांगितली? या कॅथलिक आयरिश पळपुट्या कैद्याला. एखाद्या परक्या माणसाने नव्या गावात याहून जास्त काय कमवायचं असतं?

त्याची काळजी कुणी करायची? कुणालाच सुचलं नसेल.

काळजी होती ती त्याच्या बायकोची. मेरी. ती वर्षानुवर्षं आजारी, तिच्या मज्जातंतूंचं काही तरी, तेव्हाच्या डॉक्टरांना जेवढं कळायचं तेवढं. चार मुली. त्या रात्रीसुद्धा तो डॉक्टरांकडे गेला तो तिच्यासाठी औषध आणायला. स्वतःला झोप लागत नाही हे त्याचं जुनं दुखणं. तिच्या औषधातलं त्याने घेतलं. त्यात क्लोरल होतं. झोपेचं औषध म्हणून ते वापरात आलं १८६९ मध्ये, म्हणजे नेमका तो पळाला त्याच साली. गुण येण्याइतकं आणि जीव जाण्याइतकं यात अंतर फार कमी. लोकांना सांगितलं हृदय बंद पडलं. ते खोटंही नाही, शेवटी सगळ्यांचं तेच बंद पडतं.

चुकून की मुद्दाम, यावर माणसं अजून वाद घालतात. मला त्या वादात रस नाही. मला दिसतो तो घरात सगळ्यात धडधाकट असलेला माणूस. अर्ध्या रात्री आजारी माणसाच्या बाटलीकडे हात नेतो. स्वतःच्या नावाची बाटलीच नाही त्याच्याकडे.

हे लिहून मी बराच वेळ थांबले. दादाच्या गोळ्यांचा डबा डोळ्यांपुढे आला, सोमवार मंगळवार लिहिलेला. मागच्या वेळी गेले तेव्हा मीच भरायचे तो. वहिनी म्हणाली होती, "तुम्ही आलात की कसं हलकं वाटतं." असो.

त्याची एक कविता आहे, स्वप्नाळू माणसाच्या आक्रोशाची. आखणी आणि राबणूक करून मी थकलो, माणसांच्या गजबजाटात थकलो, बांधायचं आणि मोडायचं आणि परत बांधायचं, जीव विटला, मला माझ्या जुन्या नदीकाठी जायचंय. इतकं स्वच्छ सांगितलंय. छापलंय! वाचणाऱ्यांना वाटलं असेल, वा, काय छान कविता. कवीचं हे एक बरं असतं, किंवा वाईट. त्याने दुखतंय म्हटलं की लोक यमक बघतात.

नदी त्याला परत दिसली नाही. पळालेला कैदी तो, ब्रिटिश राज्यात पाऊल टाकायची सोय नव्हती. १८८५ मध्ये शेजारच्या कॅनडात बोलावलं होतं, तिथेही जायची परवानगी सरकारने नाकारली. त्याच्या मृत्यूला ७० वर्षं उलटून गेल्यावर, १९६३ मध्ये केनेडींनी डब्लिनच्या संसदेत त्याच्या ओळी म्हटल्या. प्रेमाची दोन माणसं दूर असली की जग मोठं असतं, आणि वैरी मोकाट असला की तेच जग लहान होतं, अशा अर्थाच्या. मला पहिल्या अर्ध्याबद्दल काही लिहायचं होतं. राहू दे.

माझं आणि त्याचं काय साम्य? काही नाही. मला फाशीची शिक्षा झालेली नाही, माझ्यावर कुणी पुतळा उभारणार नाही, मला सांगलीला जायला दर वर्षी तिकीट मिळतं, फार तर दोहाला सहा तास बसावं लागतं. झोप येत नाही म्हणून एकदम थोरामोठ्यांच्या पंक्तीत जाऊन बसायचं, याला काय म्हणावं. आई म्हणेल, रिकामपण.

आणि सरळ विचार केला तर हे वाक्य आईचं नाहीच, माझंच आहे. "काय गं, बरी आहेस ना?" "मजेत." इतकी वर्षं हेच. कधी एकदा तरी "नाही" म्हटलंय? तिने ऐकलं ते काकूंना सांगितलं, तिचं काय चुकलं? शिवाय काळजी नाही यात सोयही आहे. माझी काळजी करायला लागली तर रोज दोनदा फोन येतील, हवामान विचारेल, जेवलीस का विचारेल, कुणाकडून तरी अंगारा पाठवेल. ओरायलीलाही ती सोय आवडत असणार. सगळ्यांना हात देणाऱ्या माणसाला हात धरवून घेणं कठीण जातं, मिशीला शोभत नाही.

काल मग मुद्दाम सांगितलं. फार नाही, एवढंच की "आई, मला झोप लागत नाही हल्ली." तिकडे क्षणभर काही नाही. मला वाटलं, आता विचारेल. ती म्हणाली, "जायफळ घे दुधात उगाळून. चिमूटभरच हं, जास्त नको." आणि मग दादाला नव्या गोळ्यांनी कशी दुपारीही गुंगी येते ते सविस्तर सांगितलं, मी ऐकलं, डॉक्टरांना काय विचारायचं तेही सांगितलं. ठेवताना म्हणाली, "घे गं आठवणीने." हे "गं" जरा निराळं होतं, की मला तसं ऐकायचं होतं, देव जाणे.

जायफळ इथे अख्खं मिळतं, दुकानात पाहून आले. सहाण नाही. किसणीवर किसलं तर चालतं का, तेवढं आता तिला विचारायला हवं.