भिंतींतील भोके बुजवताना

जुना फ्लॅट विकत घेतला की आधीच्या रहिवाशांनी भिंतींवर काय काय टांगले होते, याची नोंद भोकांच्या रूपाने आपल्या हाती येते. पुण्यातील आमच्या घरात टीव्हीच्या ब्रॅकेटची, पडद्यांच्या दांड्यांची आणि तसबिरींची मिळून 21 भोके मी मोजली. त्यांखेरीज लाकडी मांडणी उखडताना वीतभर गिलावा निघून विटा उघड्या पडलेला एक खड्डा होता आणि एसीच्या नळ्या बाल्कनीत नेण्यासाठी पाडलेले तीन इंची आरपार भोक होते. रंगारी एवढ्याशा कामासाठी यायला तयार नव्हता. म्हणून एप्रिलमधल्या एका रविवारी मी प्लास्टर ऑफ पॅरिसची पिशवी आणली आणि सगळीच भोके एका दिवसात बुजवून टाकली.

पीओपी हाताळायला सोपे वाटते, पण ते दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होते, त्यामुळे वाटीभराहून अधिक कालवले तर निम्मे वायाच जाते. लहान भोकांत ते छान बसले. जुलैमध्ये मात्र पावसाची झड बाल्कनीच्या भिंतीवर बसू लागली, एसीच्या भोकावरील रंगाला फोड आले आणि बोटाने दाबताच आतला भराव ओल्या खडूसारखा निघाला. पीओपी म्हणजे भाजून पाणी काढलेले जिप्सम. पाणी मिळाले की ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट होते, परंतु नंतर सतत ओल लागली तर त्याची ताकद जाते. मांडणीजवळचा खड्डा कोरड्या भिंतीत असूनही तिथला भराव अखंड चकतीसारखा सुटून आला. त्याच्या मागच्या बाजूला विटांची लाल धूळ जशीच्या तशी चिकटलेली होती, म्हणजे तो भिंतीला कधी धरलाच नव्हता.

दिवाळीनंतर काम पुन्हा हाती घेतले. सोसायटीत शेजारच्या इमारतीचे गिलाव्याचे काम चालू होते, तिथल्या गवंडीकाकांना मी भिंत दाखवली. त्यांनी खड्ड्याभोवती हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिले आणि जिथे बद्द आवाज आला तो भाग आधी काढायला सांगितला. मला दिसत होता त्याच्या जवळजवळ दुप्पट खड्डा झाला, तेव्हा जीव थोडा खालीवर झाला. पीओपीचा कणही आत ठेवू नका, हे त्यांनी दोनदा बजावले. सिमेंट आणि जिप्सम ओलीत एकत्र आले की फुगतात आणि नवा भराव तडकतो. छिन्नी लावण्यापूर्वी मी मेन स्विच बंद केला, कारण खड्ड्याच्या सरळ वर स्विचबोर्ड होता आणि वायरींचे पाइप बहुधा बोर्डापासून सरळ वर किंवा खाली गेलेले असतात.

माझी खरी चूक पाण्याची होती. कोरडी वीट ओल्या भरावातले पाणी शोषून घेते आणि पीओपी असो वा सिमेंट, त्याला घट्ट होण्यासाठी लागणारे पाणीच उरत नाही. त्यामुळे या वेळी खड्डा आधी ब्रशने झाडला, आदल्या रात्री आणि सकाळी भिजवला, त्यावर सिमेंटचे पातळ पाणी ब्रशने फिरवले आणि ते ओले असतानाच एक भाग सिमेंट आणि चार भाग चाळलेली वाळू असा माल थापीने दाबून भरला. हा भराव भिंतीच्या पातळीपेक्षा सुमारे दोन मिलिमीटर आत ठेवला, म्हणजे वर पुट्टीला जागा राहते. एसीच्या भोकाला बाल्कनीकडून फळी टेकवून दोन टप्प्यांत विटेचे तुकडे आणि माल ठासला. एकदम भरला असता तर ओला माल आपल्याच वजनाने खाली बसून वरच्या कडेला फट राहिली असती. पुढचे सात दिवस सकाळ-संध्याकाळ फवाऱ्याने पाणी मारले. हे काम कंटाळवाणे आहे आणि घरातले लोक फरशीवरच्या ओघळांबद्दल बोलतात, ते वेगळेच.

लहान भोकांत फारसे काही शिकण्यासारखे नव्हते. फक्त प्लास्टिकची गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारी नळी, आत राहिली असेल तर ती स्क्रू अर्धवट फिरवून पकडीने ओढून काढावी लागते. दोन भोकांत आधीच्या कोणीतरी टूथपेस्ट भरली होती. ती कोरून काढताना पुदिन्याचा वास आला.

भराव पूर्ण वाळल्यावर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी रुंद पोलादी पट्टीने दोन पातळ हातांत ओढली. एकाच जाड थराला वाळताना बारीक भेगा पडतात, हे मी पीओपीच्या वेळी शिकलो नव्हतो, ते इथे एका कोपऱ्यात शिकलो. मग 180 नंबरच्या पॉलिश पेपरने आणि शेवटी 320च्या पेपरने घासले. प्रायमर टाळण्याचा मोह झाला होता, पण पुट्टी रंग अधिक शोषते आणि तेवढाच भाग फिका दिसतो, म्हणून तो लावलाच. रंग मात्र डब्यावरचा क्रमांक जुळवूनही जुन्या भिंतीशी जुळला नाही. काही वर्षांत भिंतीचा रंग उतरलेला असतो. शेवटी ती संपूर्ण भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रंगवावी लागली.

त्यानंतरचा पावसाळा एसीचे भोक कोरडे राहून गेला. मांडणीच्या जागी दिवसा काही दिसत नाही, पण संध्याकाळी बाजूची ट्यूब लावली की तिरप्या उजेडात तिथला हलकासा उंचवटा अजून उठून दिसतो, कारण पुट्टीच्या कडा मी वीतभर बाहेरपर्यंत पातळ करत न्यायला हव्या होत्या आणि मी त्या चार बोटांतच संपवल्या.