शरणपूरला शरण कोण आलं होतं

रविवारी मावसभावाचा व्हिडिओ कॉल, न्यू जर्सीहून. बारा वर्षं झाली तिकडे, ग्रीन कार्डच्या रांगेत आहे आणि रांग काही हलत नाही. बोलता बोलता गाडी इमिग्रेशनवर आली आणि दादा तापलाच. हे बॉर्डरवरून घुसणारे लोक, आम्ही टॅक्स भरतो, आमची कागदं चोख, आणि तरी आम्हाला यांच्यातच धरतात म्हणे. मग जाता जाता काळ्या लोकांवर पण एक वाक्य टाकलं त्याने, ते इथे लिहीत नाही, मावशी माझं सगळं वाचते.

मी गप्प बसलो, नेहमीसारखा. पण संध्याकाळी शरणपूर रोडने येताना कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला थांबलो आणि हसू आलं. शरणपूर रोडवर कॅनडा कॉर्नर, नाशिकला व्हिसाचं वेड जुनंच दिसतंय.

शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांची वस्ती, एवढं सरळ नाव आहे पण शाळेत कुणी सांगितलं नाही. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती वसवली, आणि इथे आफ्रिकन पोरं राहायची. खरंच. पूर्व आफ्रिकेतून गुलाम भरून नेणारी अरबी गलबतं ब्रिटिश नौदल समुद्रात पकडायचं, सुटलेली पोरं मुंबईत उतरवायचं, त्यातली काही थेट आपल्या नाशिकला. इथे इंग्रजी शिकली, सुतारकाम लोहारकाम शिकली. त्यातलाच एक जेकब वेनराइट. आफ्रिका पालथी घालणारा स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ ला आजच्या झांबियात वारला तेव्हा हा त्याच्यासोबत होता. हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, प्रार्थना वेनराइटनेच वाचली, आणि मग त्याचे आफ्रिकन सोबती सुसी, चुमा, वेनराइट आणि बाकीच्यांनी तो देह वाळवून, गुंडाळून, हजार मैलांच्या आसपास चालत समुद्रापर्यंत नेला. १८७४ ला लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरलं, शवपेटीला हात देणाऱ्यांत नाशिकला शिकलेला हा पोरगा. आणि तिथल्या दगडावर काय कोरलंय, तर विश्वासू हातांनी जमिनीवरून, समुद्रावरून आणलेला. हात. हातांची नावं काय नाहीत.

हे हातांचं प्रकरण अमेरिकेत तर घटनेतच लिहिलेलं होतं. १७८७ ला तिथे वाद काय, तर कुठल्या राज्याला किती खासदार, ते लोकसंख्येवर ठरणार, मग गुलाम मोजायचे का? दक्षिणेतले मालक म्हणाले मोजा की, पूर्ण मोजा. एरवी माल म्हणायचे, इथे एकदम माणसं झाली. तडजोड निघाली, पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. मत मात्र शून्य. म्हणजे ज्याला साखळीत ठेवलाय त्याच्याच जिवावर मालकाच्या सीटा वाढल्या, प्रेसिडेंटच्या निवडणुकीतलं वजन पण वाढलं. पहिल्या पाच प्रेसिडेंटांपैकी चार एकट्या व्हर्जिनियाचे, आणि सर्वात जास्त गुलाम कुठे तर व्हर्जिनियातच. आपल्याकडे जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' काढलं ते गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकन लोकांनाच अर्पण केलेलं, त्यांना इथे पुण्यात बसून बरोबर दिसलं होतं कशाला काय म्हणायचं ते.

आणि आपले लोक? भगतसिंग थिंड नावाचा पंजाबी माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेत होता, नागरिकत्व मागितलं आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. कायदा १७९० पासूनचा, नागरिकत्व गोऱ्यांनाच, नंतर त्यात आफ्रिकन वंशाचे घातले. तर याच्या बाजूने युक्तिवाद काय, की आम्ही आर्य, उच्च जातीचे, खालच्यांशी लग्नं करत नाही, सबब आम्ही गोरेच! जात घेऊन अमेरिकेच्या कोर्टात गेले राव. १९२३ ला कोर्टाने सांगितलं, नाही, तुम्ही गोरे नाही. आम्हाला त्यांच्यात धरू नका, हे तेव्हापासून चालूये, दादाने काही नवीन नाही सांगितलं.

१९४६ ला दार किलकिलं झालं, वर्षाला १०० भारतीय. नीट उघडलं १९६५ ला, आणि ते काय आपल्या हुशारीवर खूश होऊन नाही उघडलं, काळ्या लोकांनी रस्त्यावर मार खाऊन, कुत्री अंगावर घेऊन १९६४ चा सिव्हिल राइट्स कायदा करून घेतला, त्याच लाटेत पुढच्या वर्षी इमिग्रेशनचा कायदा आला. दादाच्या रांगेचं पहिलं टोक तिथे आहे. आणि त्याला हे सांगणारा मी कोण, आमच्याच गावात १९३० ला काळारामाच्या दारात बाबासाहेबांना सत्याग्रह करायला लागला, आणि ज्यांनी दार लावून घेतलं ते काही परप्रांतीय नव्हते.

२००८ च्या फेब्रुवारीत सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली यूपी-बिहारची पोरं परप्रांतीयांवरच्या मारहाणीला घाबरून गठुडी घेऊन नाशिकरोड स्टेशनवर बसलेली, तेव्हा मी कॉलेजला होतो आणि बरं झालं म्हणालो होतो. आठवतंय मला, मित्राच्या गाडीवर मागे बसून म्हणालो होतो.

आता माझं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे सातपूरला. रात्री दादाला मोठा मेसेज टाईप केला, थिंड, १९६५, सगळं. अजून पाठवला नाही. सोमवारी सकाळी ठेकेदार हजेरीचा कागद घेऊन आला. वर तारीख, खाली लेबर १२. मी सही केली.