आण्णांची चटणी

उन्हाळ्यात चटणीचा घाट घातला की दगडफूल निवडायचं काम माझ्याकडं येतं. संकेश्वरी, ब्याडगीची देठं काढायला घरभर माणसं बसतात, खोबरं-तीळ आई भाजते आणि मी दगडफुलाला चिकटलेली सालपटं नखानं सोडवत बसते. सालपटं झाडाची. दगडावरही उगवतं म्हणा, पण बाजारातलं बरंचसं झाडाच्या सालीवरचं असतं. आणि फूल तर ते नव्हेच.

यंदा त्यात एक वेगळीच काडी निघाली. पानासारखी पसरट नाही, करडं-हिरवं इवलंसं झुडूपच. एका बुडातून फुटलेल्या दोऱ्यासारख्या फांद्या.

"कचरा हाय, टाक की गं," आई म्हणाली.

मी ते वाटीभर पाण्यात टाकलं. थोड्या वेळात मऊ पडलं. एक फांदी हळूच ताणली तर वरची साल तडकली आणि आतून पांढरा दोरा रबरासारखा लांबला. ही उस्निया नावाच्या, झुडपासारख्या वाढणाऱ्या दगडफुलाच्या भावंडाची खूण. पावसाळ्यात गगनबावड्याला धुक्यात ओथंबलेल्या फांद्यांवर असली झुडपं मी पाहिली होती. झाडाचं ती काही खात नाहीत, नुसती बसायला जागा घेतात; पाणी हवेतून, पावसातून. हवेत गंधकाचा धूर वाढला की मात्र आधी हीच जातात. रंकाळ्याकाठच्या झाडांवर मला करडे चपटे डागच दिसले, झुडूप एकही नाही.

दगडफूल काय, उस्निया काय, हे एक झाड नव्हेच, बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार आहे, असं श्वेंडनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1867 मध्ये सांगितलं तेव्हा जाणकार भडकले होते. श्वेंडनर यांच्या मते बुरशी मालक आणि शेवाळ तिचं गुलाम. घर बुरशीचं, उन्हात बसून अन्न शिजवणारं शेवाळ. शास्त्रीय नाव मात्र लागतं ते बुरशीचंच!

मला हसू आलं. आमची चटणी गल्लीत 'आण्णांची चटणी' म्हणून ओळखतात. आण्णांनी जन्मात उलथनं हातात धरलेलं नाही.

हे सगळं आईला सांगितलं. तिनं ऐकलं, न ऐकलं. संध्याकाळी बघते तर वाटी रिकामी.

"परतून घातलं चटणीत. दगडफुलाचंच भावंड म्हणालीस न्हवं?"

चटणी झक्कास झालीय. शेजारच्या काकू कालच डबा घेऊन आल्या होत्या, आण्णांची चटणी मागायला.