वडिलांचा व्यवसाय, मासिक उत्पन्न

दर जुलैत वर्गशिक्षक एक पिवळं कार्ड भरून घ्यायचे. नाव, पत्ता, वडिलांचा व्यवसाय, मासिक उत्पन्न. 1979 साली आठवी 'ब'चा मॉनिटर मी होतो, त्यामुळे कार्डं गोळा करून आडनावाप्रमाणे लावायचं काम माझ्याकडे आलं. वाचायची नाहीत, असं सरांनी बजावलं होतं. साहजिकच मी सगळी वाचली.

माझ्या कार्डावर बापूंचा व्यवसाय 'लिपिक, बांधकाम खाते' आणि उत्पन्न पाचशे चाळीस. बाकावर माझ्या डाव्या हाताला बसणाऱ्याच्या कार्डावर 'मिल कामगार, साचेखाते' (साचे म्हणजे कापड विणायचे माग) आणि पाचशे पंचावन्न.

ते मला पचेना. घरी आल्या आल्या सांगितलं. आई म्हणाली, "चुकून लिहिलं असेल रे पोराने." बापूंनी पेपर खाली न करताच सांगितलं, "चूक नाही. महागाई भत्ता धरला तर साच्यावरचा माणूस आमच्याइतकं घेतो." आणि पान उलटलं.

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी समितीने 'शाळेने मला काय दिले' असा विषय दिला आहे. स्नेहसंमेलन, स्काउटचा तंबू, गणिताच्या बाईंचा धाक यांवर इतर लिहितीलच आणि माझ्यापेक्षा बरं लिहितील. माझ्या डोक्यातून ते पिवळं कार्ड काही जात नाही, म्हणून त्याचीच गोष्ट लिहितो. बाकमित्राला विचारून लिहितो आहे. तो म्हणाला, "लिही भिया, पण नाव नको." मिलचंही नाव लिहीत नाही. (पुण्यामुंबईकडे गिरणी म्हणतात, इंदूरला ती मिलच.)

आमचं घर रामबागेत. पणजोबा होळकर दरबारात कारकून होते, त्यांनी घेतलेला वाडा. भाऊहिस्से होऊन आमच्या वाट्याला साडेतीन खोल्या आल्या होत्या, पण भाडं नव्हतं. त्याचं घर परदेशीपुऱ्यात. एक खोली, वर पोटमाळा, माणसं सात. वडिलांची रात्रपाळी असली की दिवसा ते झोपायचे आणि मुलांनी बाहेर राहायचं. त्यामुळे शाळा सुटल्यावर तो घरी जायचाच नाही, व्हरांड्यात बसून गृहपाठ उरकायचा. शिक्षकांना वाटायचं, काय अभ्यासू मुलगा! गणवेश मात्र त्याचा माझ्यापेक्षा सरस असे. मिलचं कापड कामगारांना सवलतीत मिळायचं, त्याच्या चड्डीची घडी दिवसभर मोडत नसे.

त्याचे आजोबा खानदेशातून आले होते. त्याच्या बोलण्यात खानदेशी आणि हिंदी दोन्ही मिसळलेलं. तो वाचायला उभा राहिला की वर्ग हसायचा, मीही हसायचो. खरं तर "मी जेवून राहिलो" म्हणणारे आम्ही रामबागेतले लोक कुठले शुद्ध बोलणारे! पुण्याची मावशी आली की आमच्यावर तशीच हसायची. पण ती वर्षातून एकदा यायची. त्याला ते रोज होतं.

एक गोष्ट लिहावी की नाही, यावर चार दिवस घालवले. तो आमच्याकडे यायचा तेव्हा आजी त्याला पाणी द्यायची ते कोनाड्यातल्या जर्मनच्या पेल्यातून. आम्हाला पितळी फुलपात्रं. कोणी काही बोलत नसे, पेला कोनाड्यात परत जायचा. पुढे पुढे तो आला की म्हणायचा, "पाणी पिऊन आलोय आजी." मला वाटायचं, याला तहान कमी लागते. 14 एप्रिलला त्याच्या घरचे सगळे महूला जात, बाबासाहेबांच्या जन्मगावी. इंदूरहून एका सकाळचा रस्ता, पण मी पहिल्यांदा गेलो तो चाळिशीत.

त्याच्या घरी मी मोजून तीनदा गेलो असेन. एकदा त्याच्या वडिलांनी घरातला जुना धोटा दाखवला, मागावर आडवं सूत नेणारा, लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी बोंडं. धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक बारीक भोकातून बाहेर काढायचं, ते तोंडाने ओढून. एकाचा तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, म्हणून मुंबईच्या मिलांत अस्पृश्यांना साचेखात्यात घेतच नसत. त्यांना रिंगखातं, म्हणजे सूतकताई, आणि साच्यावरची मजुरी रिंगपेक्षा जास्त! 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, हे मी बऱ्याच उशिरा वाचलं. त्याचे आजोबा जन्मभर रिंगखात्यातच राहिले. वडील साच्यावर गेले, घराण्यातले पहिले. कार्डावर नुसतं 'मिल कामगार' पुरलं असतं, तरी पुढे 'साचेखाते' का लिहिलं होतं, ते त्या दिवशी कळायला हवं होतं. मला तेव्हा धोटा हातात घेऊन बघायचा होता फक्त.

नववीत मांडूची सहल निघाली. वर्गणी पस्तीस रुपये. त्याने नाव दिलं नाही. पंधरा रुपये जास्त मिळवणाऱ्या घरात पस्तीस का नसावेत, हे मला कोडंच होतं. गावाकडे दरमहा मनीऑर्डर जायची, बहिणीच्या लग्नाचं कर्ज मिलच्या फाटकावर पगाराच्या दिवशी उभ्या राहणाऱ्या सावकाराकडून घेतलेलं होतं, हे त्याने परवा सांगितलं. आमच्याकडे असं काही अडलं की आई आजीच्या पेटीतली पाटली गहाण टाकायची आणि दिवाळीच्या आत ती परतही यायची. त्यांच्या घरात अडल्यावर हात घालायला पेटीच नव्हती. बापूंनी त्याचे पस्तीस रुपये गुपचूप भरले. सरांनी मात्र दुसऱ्या दिवशी त्याला वर्गात उभं करून सांगितलं की तुझे पैसे भरले गेले आहेत, याच्या वडिलांचे आभार मान. सरांचा हेतू वाईट नव्हता, इतकंच म्हणतो. सहलीच्या दिवशी तो आला नाही. पुढचे तीन महिने तो माझ्याशी बोलला नाही, बाक तोच असूनही.

बोलणं सुरू झालं ते अनंत चतुर्दशीला.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: इंदूरच्या मिलांचे गणपती आणि त्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे हलते देखावे, रात्रभर शहरातून निघतात. हुकुमचंद मिलने 1924 मध्ये सुरुवात केली असं सांगतात. सतरंज्या अंथरून, डबे घेऊन लोक संध्याकाळपासूनच जागा धरत. आम्ही जेल रोडला एका दुकानाच्या ओट्यावर होतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर त्यांच्या मिलची झांकी आली. कालियामर्दन होतं. नागाच्या फण्यावर विजेचे दिवे, आणि मागे जनरेटरपाशी तारा धरून हा उभा! वडिलांनी फणा बांधला होता, त्याने दिवे जोडले होते. बापू ओट्यावर उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. त्याने मला पाहिलं आणि फणा एकदा जास्तीचा हलवला.

पुढचं भराभर सांगतो, कारण त्यात माझं कर्तृत्व थोडंच आहे. मला गुण त्याच्याहून चार टक्के जास्त पडले. इंग्रजी मला काकांनी शिकवलं, जीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजची फी पुण्याच्या आत्याने भरली, इंजिनिअर झालो. तो 1985 मध्ये वडिलांच्याच मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागला. बदली म्हणजे रोज फाटकावर जायचं. कोणी गैरहजर असला तर काम, नाहीतर डबा घेऊन परत. सहा वर्षं त्याने 'कायम' होण्याची वाट पाहिली आणि मिलच बंद झाली. बाप आणि लेक एकाच दिवशी घरी बसले.

हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद पडली, 5,895 कामगार. इतर मिलाही काही आधी, काही नंतर गेल्या. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी संस्थानची पहिली कापडमिल काढली तिथून धरलं तर सव्वाशे वर्षांचा कारभार आमच्या डोळ्यांदेखत आटोपला. आणि आमच्या डोळ्यांना तो दिसलाही नाही. रामबागेत पहाटेचा भोंगा ऐकू यायचा बंद झाला, तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं, झोप मोडायची."

बापू 1992 मध्ये निवृत्त झाले. पाचशे चाळीस आणि पाचशे पंचावन्न यांची खरी किंमत तेव्हापासून पुढे कळत गेली. बापूंना पेन्शन, वेतन आयोग आला की ती वाढायची, ते गेल्यावर आईला कुटुंब पेन्शन, आजही पहिल्या तारखेला. त्याच्या वडिलांची देणी मिलच्या कर्जांबरोबर कोर्टात अडकली. खासगी कामगारांची पेन्शन योजना आली नोव्हेंबर 1995 मध्ये, त्यांची मिल तोवर बंद होऊन बसलेली. साच्यावरचा तो माणूस एका मॅरेज गार्डनमध्ये रात्रीचा चौकीदार झाला आणि सत्तरीपर्यंत तेच करत राहिला. 2011 मध्ये गेले. हुकुमचंदच्या कामगारांसाठी 224 कोटींचा धनादेश निघाला 25 डिसेंबर 2023 ला, बत्तीस वर्षांनी. बातमी टीव्हीवर चालू असताना मी त्याला फोन केला. "आमची मिल नाही रे ती," म्हणाला, "पण बाबांना दाखवायला हवं होतं."

तो आता रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यांतली शिलाईयंत्रं दुरुस्त करतो. मोठी मुलगी नर्स आहे. मी निवृत्त होऊन वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत दोन फ्लॅटचा मालक आहे. वाडा पणजोबांनी घेतला नसता तर काय असतं, हा हिशेब मी कधीकधी करायला बसतो आणि अर्ध्यात सोडतो.

महोत्सवाच्या मेळाव्याचं पत्रक घेऊन गेल्या महिन्यात त्याच्याकडे गेलो. घर तेच, पोटमाळ्याच्या जागी आता पक्का मजला. वहिनींनी पोहे-जिलबी मागवली होती. त्यांनी पाणी ठेवलं, मी दोन पेले प्यालो. त्याने पत्रक नीट वाचलं, मग विचारलं, "नोंदणी पंधराशे? जेवणासकट?"

"जेवणासकट," मी म्हणालो. माझा हात खिशाकडे निघाला होता. तो मी गुडघ्यावर ठेवला.

त्याने पत्रकाची घडी घालून यंत्राच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. "बघू. तू मात्र अनंत चतुर्दशीला ये. मिल नसली तरी झांकी निघते आमची, वर्गणी काढतो. यंदाही दिवे माझ्याकडेच आहेत. जेल रोडला कितीला पोचू सांगता येत नाही, पण त्याच ओट्यावर थांब."

ते दुकान आता मोबाईलचं झालं आहे. ओटा तोडलाय. घडीचं स्टूल घेऊन जाणार आहे.