मेळघाट ते मिरज, आणि पुढे पुण्याची सेमिनरी

मेळघाटातलं मिशनचं काम दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवून आम्ही मिरजेला परत आलो आणि आता ह्यांचं पुण्याच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, बी.डी. (ख्रिस्ती धर्मशास्त्राची पदवी) सुरू झालंय. आमच्यामागून अजून काही जणांचं असंच ठरतंय म्हणून सविस्तर लिहिते. सगळ्यात आधी हे सांगते, फील्डवरून, म्हणजे मिशनच्या कामाच्या जागेवरून, थेट सेमिनरीत जाऊ नका, मध्ये काही महिने घरी राहा आणि ती सुट्टी मिशनकडून रीतसर मागून घ्या.

धारणीहून परतवाड्याला येताना घाटात मुलांना गाडी लागते, सेमाडोहला उतरून जरा हवा खाऊ द्या. पुढे बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस. भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे असा मोठा वळसा आहे, एक आख्खी रात्र गाडीत जाते, पण मिरजेपर्यंत कुठे बदलायला लागत नाही, पोरं आणि बोचकी घेऊन मधल्या स्टेशनात प्लॅटफॉर्म शोधत पळण्यापेक्षा हे कधीही बरं. भांडीकुंडी तिथेच वाटून या, पुस्तकं तेवढी पार्सलने पाठवा.

मिरजेत उतरल्यावर आपण घरी आलेलो असतो, मुलं नाही. आमचा धाकटा तिथल्या कोरकू आदिवासी पोरांतच वाढला, कोरकू आणि हिंदी फाडफाड बोलतो, मराठी मोडकीतोडकी. आईकडे नळाला पाणी आलं की हा घरातले तांबे, पातेली, अगदी चहाची किटलीसुद्धा भरून भिंतीकडेला ओळीने मांडून ठेवायचा, तिकडे हापशावर नंबर लावून पाणी आणायची सवय ना. आई त्याला एका शब्दानं बोलली नाही, दुपारी तेच पाणी त्याच्याकडून झाडांना घालून घ्यायची. घरच्यांना आधीच फोनवर सांगून ठेवा की चारचौघांत "कोरकूत काहीतरी बोलून दाखव" असं पोरांना म्हणायचं नाही. त्यापायी थोरली पाहुणे आले की माडीवर जाऊन बसायची.

चर्चची बोलावणी हा मोठाच विषय आहे. डॉ. वानलेस यांनी १८९४ ला मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं, माझी आजी तिथेच नर्स होती, त्यामुळे मिशनचं काम म्हणजे काय हे इथल्या घराघरांत माहीत आहे आणि माणसं जीव लावतात. रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायला, मिरज झालं की सांगली, मग इस्लामपूर, कोडोली. सुरुवातीला नम्रपणे नाही म्हणा. हे पहिल्या पहिल्या सभांना बोलायला उभे राहिले की त्यांचा आवाज भरून यायचा, माणसाला आधी गप्प बसायला मिळालं पाहिजे.

शाळेचं म्हणाल तर जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून आरटीईप्रमाणे (शिक्षण हक्क कायदा) शाळेला प्रवेश अडवता येत नाही, तेव्हा घाबरू नका, पण मुलांचं आधार आणि जुन्या शाळेची कागदपत्रं जवळ ठेवा. सांगलीत भाड्याने घर बघणार असाल तर घरमालकाला नाही, शेजाऱ्यांना विचारा की २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, गावभाग आणि कर्नाळ रोडकडच्या घरांना हे जरूर विचाराच. आम्ही शेवटी मिरजेतच घेतलं.

आता सेमिनरी. युनियन बिब्लिकल सेमिनरी पूर्वी यवतमाळला होती, १९८३ ला पुण्यात बिबवेवाडीला आली, बी.डी.ची पदवी मात्र बंगालमधल्या सेरामपूरची मिळते. विल्यम कॅरींनी सहकाऱ्यांबरोबर १८१८ ला कॉलेज काढलं तेच सेरामपूर, आणि १८०५ ला मराठीचं व्याकरण छापलं तेही कॅरींनीच. पास्तरांचं शिफारसपत्र, बाप्तिस्म्याचा दाखला, मार्कशीट, मेडिकल आणि युनिव्हर्सिटीचं मायग्रेशन सर्टिफिकेट असं सगळं फील्डवर असतानाच जमवायला लागा, मायग्रेशनला वेळ जातो. नवा करार मुळातून वाचायला ग्रीक लागतं, त्याचीही थोडी तयारी घरूनच करून जा. आमच्याकडे रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एका बाजूला हे अल्फा बीटा गिरवायचे, दुसऱ्या बाजूला धाकटा क ख ग, आणि दोघांच्या वह्या आई तपासायची!

फॅमिली क्वार्टरचं अर्जाबरोबरच विचारा, नंतर नाही. आमचं नाव यादीत आहे, तोवर मी आणि मुलं इथेच, हे जमेल तसे शनिवारी येतात. रेल्वेपेक्षा एसटी सोयीची, कराड साताऱ्यावरून थेट स्वारगेट, तिथून बिबवेवाडी जवळ. सोमवारी सकाळी तास असेल तर रविवारी दुपारचीच गाडी धरा, संध्याकाळच्या गाड्यांना तुफान गर्दी असते.