कागद फक्त आमच्यापासून लपवलेला

ऑक्टोबर 2019. सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संघात मी संकलनाचं काम पाहत होतो. ऑगस्टच्या महापुरात कृष्णाकाठचे कितीतरी गोठे रिकामे झालेले. त्यात ‘आरसेप’ची कुणकुण गावोगाव पोचली होती. भारतासह 16 देशांचा व्यापार करार, आणि त्यात जगभर दूध पावडर विकणारं न्यूझीलंडही.

एका संध्याकाळी गावातल्या डेअरीवर गेलो. फॅट लावणं चालू होतं. दोन जर्सी गाईंचं दूध घालणाऱ्या मावशींनी पावती घेता घेता विचारलं, “साहेब, बाहेरची पावडर येणार म्हणत्यात. मग आमाला काय दर बसणार?”

प्रश्न नेमका होता. जादा दुधाची पावडर होते. पावडरीचा भाव पडला की गाईच्या दुधाचा दर कोसळतो. 2018 च्या जुलैत याच कारणाने दूध रस्त्यावर ओतलं गेलं होतं. पावडरीवरचं 60 टक्के आयात शुल्क किती उतरणार, किती वर्षांत, की दूध वगळणार, एवढंच कळायला हवं होतं. आम्ही माहिती अधिकारात अर्जही केला होता. कलम 8 दाखवून नकार आला: परदेशांशी संबंध, देशाचं आर्थिक हित.

मला त्या उत्तराची आजही चीड येते. सौदा होईपर्यंत हात उघडा करू नये, हे बाजार समितीत बसलेल्या कुणालाही कळतं. पण आपला प्रस्ताव समोरच्या 15 देशांच्या टेबलावर तर होताच! लपवलेला होता तो फक्त मावशींपासून. आपल्याकडे असल्या करारावर सही करायला संसदेची मंजुरीही लागत नाही. युरोपीय महासंघाने मात्र अमेरिकेशी बोलणी चालू असतानाच, 2015 मध्ये, आपले प्रस्ताव जाहीर करायला सुरुवात केली होती.

मावशींना मी खरं तेच सांगितलं, “आमालाबी दाखवलेलं नाही.” त्या म्हणाल्या, “मग इचारायचं कुणाला?”

4 नोव्हेंबरला बँकॉकमध्ये भारत बाहेर पडला. संघात पेढे वाटले, मीही खाल्ले. पुढच्या नोव्हेंबरात उरलेल्या 15 देशांनी सह्या केल्या, तेव्हा कराराचा मसुदा खुला झाला. त्यात भारताची शुल्कसूची अर्थातच नाही. दूध पावडरीवर आपण काय द्यायला तयार झालो होतो, हे मावशींनी विचारलं तर आजही मला सांगता येणार नाही.